नऊ नंबरची जर्सी उतरवल्यावर

मागच्या अंकात फुटबॉलमधल्या स्ट्रायकरच्या, म्हणजे सगळ्यात पुढे राहून गोल मारणाऱ्या नऊ नंबरच्या खेळाडूच्या, निवृत्तीनंतरच्या आयुष्याबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. त्यातली निम्मी ‘अमुक मोठा की तमुक’ या चालीवरची होती, ती बाजूला ठेवली. त्या वादात मी उतरत नाही, कारण एकदा उतरले की कुणाचं ऐकत नाही. उरलेल्यांतले काही प्रश्न खाली घेतले आहेत. मी स्वतः सेंटर फॉरवर्ड, म्हणजे स्ट्रायकरच होते आणि आता मुलामुलींचे संघ शिकवते. त्यामुळे कुठे पुढे खेळणाऱ्यांची बाजू जरा जास्तच घेतली गेली, तर बचावपटूंनी समजून घ्यावं.

प्रश्न : ताई, नावाजलेले कोच बघितले तर बहुतेक मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात खेळलेले निघतात. माझा मित्र म्हणतो, गोल मारण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला पूर्ण मैदान दिसतच नाही. तुम्हाला हे पटतं का?

मित्राला आधी विचारा, अ‍ॅलेक्स फर्ग्युसन कुठे खेळायचा? स्ट्रायकर होता तो. १९६५-६६च्या मोसमात डनफर्मलिनकडून ५१ सामन्यांत ४५ गोल. पुढे रेंजर्सने त्याला ६५ हजार पौंडांना घेतलं, तेव्हा दोन स्कॉटिश क्लबांमधल्या व्यवहाराचा तो विक्रम होता. कोच म्हणून मँचेस्टर युनायटेडला मिळवून दिलेली तेरा लीग विजेतेपदं ही त्यानंतरची गोष्ट. योहान क्रायफ, केनी डॅलग्लिश, युप हाइंकेस, ब्रायन क्लफ हे सगळे पुढेच खेळणारे, आणि मोठ्या ट्रॉफ्या कोच म्हणून यांच्याही नावावर आहेत.

एवढं ऐकवून झालं की मित्राला चहा पाजा, कारण त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. मिडफिल्डरच्या चारही बाजूंनी खेळ चालतो. चेंडू यायच्या आधी त्याला मान वळवून मागचं-पुढचं बघून ठेवावंच लागतं, नाहीतर चेंडू गेलाच. स्ट्रायकरचं जग लहान. दोन सेंटर बॅक (मधले बचावपटू), त्यांच्यातली फट, ऑफसाइडची रेघ आणि गोलकीपरचे पाय. बाकीचं विसरण्यासाठीच त्याला पगार मिळतो. मी खेळत असताना ‘आपला लेफ्ट बॅक आत्ता कुठे उभा आहे?’ असं कुणी विचारलं असतं, तर मी त्याच्याकडे वेड्यासारखं बघितलं असतं.

यातून बाहेर कोण पडतं? माझं मत विचाराल तर ज्याला गोल शोधून काढावे लागले, तो. ज्याला ते सापडत गेले, त्याची पंचाईत होते.

इन्झागी बंधूंचं बघा. थोरला फिलिपो, सगळ्यांचा पिपो. २००६च्या विश्वविजेत्या इटलीच्या संघात होता. युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे चॅम्पियन्स लीग; तिच्या २००७च्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध मिलानचे दोन्ही गोल त्याचे. वेग बेताचा, ड्रिबलिंग बेताचं, पण चेंडू जिथे पडणार तिथे हा आधीच हजर. धाकटा सिमोने, तोही स्ट्रायकर, लाझिओचा. त्याने मार्सेविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या एका सामन्यात चार गोल ठोकले, पण इटलीकडून सामने मिळाले जेमतेम तीन. खेळाडू म्हणून दोघांची तुलना करण्याचं कारणच नाही.

निवृत्तीनंतर दोघांनीही सुरुवात आपापल्या क्लबच्या युवा संघांपासून केली. पिपोला दोनच वर्षांत, २०१४मध्ये, मिलानच्या मुख्य संघावर बसवलं. संघ दहावा आला आणि मोसम संपताच त्याची गच्छंती झाली. सिमोने लाझिओच्या मुलांमध्ये जवळपास सहा वर्षं राहिला. २०१६च्या एप्रिलमध्ये त्याला मुख्य संघ मिळाला तो हंगामी म्हणून. उन्हाळ्यात क्लबने मार्सेलो बिएल्साला नेमलं, पण तो दोन दिवसांत सोडून गेला आणि खुर्ची परत सिमोनेकडे आली. त्यानंतर तो इंटर मिलानला गेला, २०२३-२४ची इटलीची लीग जिंकली, आणि २०२३ व २०२५ अशा दोन चॅम्पियन्स लीग अंतिम फेऱ्या गाठल्या. दोन्ही हरला, दुसरी तर ५-० अशी. तरीही कोच म्हणून धाकटा पुढे गेला यात शंका नाही.

पिपोवर शिक्का मारू नका हं. त्याने खालच्या श्रेणीत जाऊन व्हेनेझिया आणि बेनेव्हेंटो यांना वर चढवलं. मिलानच्या वेळी त्याला मिळाली नाही ती उमेदवारी त्याने नंतर केली, एवढाच अर्थ मी काढते.

प्रश्न : मी बारा ते पंधरा वयोगटाच्या मुलांना शिकवतो. पासिंग, ट्रॅपिंग सगळं शिकवता येतं. पण गोलसमोरच्या बॉक्समध्ये ‘बरोबर जागी’ असणं शिकवता येतं का? का ते उपजतच असावं लागतं?

बराच भाग शिकवता येतो. ‘उपजत’ म्हणून हात झटकणारे कोच मला आळशी वाटतात.

डोळ्यांपासून सुरुवात करा. क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर मारलेला चेंडू, येत असतो तेव्हा बचावपटूला चेंडू आणि तुमचा फॉरवर्ड एकाच वेळी दिसणं कठीण असतं. तो चेंडूकडे बघतोय तोवर तुमच्या पोराने त्याच्या पाठीमागच्या खांद्याशी उभं राहायचं. त्याने मान वळवली की दोन पावलं सरकायचं. बचावपटूला सतत शोधत ठेवायचं. मुलांना हा खेळ फार आवडतो, कारण यात थोडी लबाडी आहे.

मग धाव. एका धावेने गोल क्वचितच मिळतो. पहिली धाव बचावपटूसाठी, दुसरी स्वतःसाठी. गोलच्या लांबच्या खांबाकडे निघायचं, तो सोबत आला की पाय रोवून जवळच्या खांबाकडे (नियर पोस्टला) घुसायचं. लहान मुलं दोन्ही धावा एकाच वेगाने करतात आणि फसवणूक फसते. पहिली संथ हवी.

सगळ्यात अवघड म्हणजे थांबणं. माझ्याकडच्या बहुतेक मुली गोलसमोर लवकर पोचतात आणि मग चेंडूची वाट बघत उभ्या राहतात. उभ्या राहिलेल्या फॉरवर्डला कुणीही धरतं. धाव कधी सुरू करायची त्याची खूण पास देणाऱ्याच्या शरीरात असते. त्याने शेवटचा टच घेतला, मान वर केली, मारायचा पाय मागे गेला की निघायचं. म्हणून मी फिनिशिंगचं सेशन घेते तेव्हा गोल झाल्यावर टाळ्या वाजवत नाही. विचारते, ‘पास सुटायच्या आधी तू कुठे बघत होतीस?’ उत्तर ‘चेंडूकडे’ आलं की पुन्हा. ‘गोलकीपरकडे’ आलं तरी पुन्हा. ‘तिच्या पायाकडे’ आलं की पाणी प्यायची सुट्टी.

प्लास्टिकचे शंकू लावून, रांगेत उभं करून, एकेकाला चेंडू ढकलून शॉट मारायला लावण्याचे ड्रिल शक्यतो टाळा. त्यात मुलं खूश होतात, पालकही खूश होतात, पण सामन्यात अशी रांग कुठे असते? निदान एक बचावपटू मध्ये घाला, मग तो अर्ध्या जोरात खेळला तरी चालेल.

आणि बेंचवर बसलेल्यांना काम द्या. नॉर्वेचा स्ट्रायकर उले गुन्नार सोल्शार मँचेस्टर युनायटेडकडे राखीव म्हणून इतका बसला की बसणं हेच त्याचं शिक्षण झालं. समोरचे बचावपटू कुठे ढिले पडतात, कोणाचा कुठला पाय कच्चा आहे हे तो बेंचवरून हेरायचा. १९९९च्या फेब्रुवारीत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध उशिरा उतरला आणि चार गोल मारून आला. सामना ८-१. त्याच वर्षीच्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यातला भरपाई वेळेतला त्याचा गोल तर सर्वांना पाठ आहे. पुढे कोच म्हणून त्याने आधी युनायटेडचा राखीव संघ सांभाळला, मग २०११मध्ये नॉर्वेच्या मोल्डे क्लबला त्यांच्या इतिहासातली पहिली लीग जिंकून दिली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. युनायटेडचा मॅनेजर (म्हणजे मुख्य कोच) म्हणून मात्र त्याला ट्रॉफी मिळाली नाही. २०२१च्या युरोपा लीगचा अंतिम सामना पेनल्टीवर ११-१० असा गेला. बेंचवर बसलेल्या तुमच्या पोरांना सांगा, एकच बचावपटू निवडा आणि दहा मिनिटं फक्त त्यालाच बघा. मग त्यांना विचारा. काय काय सांगतात बघा!

प्रश्न : माझं वय २८. गुडघ्याचं लिगामेंट दोनदा फाटलं, डॉक्टरांनी खेळणं बंद करायला सांगितलं आहे. क्लब म्हणतो, मुलांचा संघ घे. मला तिथे जाऊन रोज दुसऱ्यांना खेळताना बघायचं म्हणजे शिक्षा वाटते. काय करू?

दादा, ‘सकारात्मक राहा’ वगैरे तुम्हाला बरेच जण सांगतील, मी सांगणार नाही. राग येणारच. काही महिने मैदानाकडे फिरकावंसंही वाटणार नाही.

ब्रायन क्लफची गोष्ट माहीत असेल तर पुन्हा वाचा, नसेल तर ही घ्या. इंग्लंडच्या लीगमध्ये २७४ सामन्यांत २५१ गोल. आकडे बरोबर वाचलेत ना? २६ डिसेंबर १९६२ला सँडरलँडकडून बरीविरुद्ध खेळताना गोलकीपरशी टक्कर झाली आणि गुडघा गेला. वय २७. दीड-दोन वर्षांनी परत येण्याचा प्रयत्न केला, तीन सामने खेळला आणि संपलं. त्याच क्लबने त्याला युवा संघ दिला. १९६५मध्ये तिशीत तो हार्टलपूल्स नावाच्या तळातल्या संघाचा मॅनेजर झाला. तिथून डर्बी काउंटी, १९७२ची लीग. मग नॉटिंगहॅम फॉरेस्ट. १९७७मध्ये त्यांना वरच्या श्रेणीत आणलं, १९७८मध्ये लीग, १९७९ आणि १९८०मध्ये लागोपाठ युरोपियन कप (आताची चॅम्पियन्स लीग).

तो कडवट होता, तोंडाळ होता, आणि गुडघा गेल्याचं दुःख त्याने लपवलं नाही. म्हणजे दुःख विसरल्याशिवाय कोच होता येत नाही असं काही नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. क्लफने सोबत घेतला पीटर टेलर. टेलर जुना गोलकीपर. मिडल्सबरोमध्ये दोघं एकत्र खेळलेले. एकाने आयुष्यभर समोरचा गोल बघितला, दुसऱ्याने मागे उभं राहून पूर्ण मैदान बघितलं. माणसं हेरणं, खेळाडू शोधणं टेलरकडे, त्यांच्याकडून खेळून घेणं क्लफकडे. ही जोडी फुटल्यावर दोघांनाही ते यश पुन्हा मिळालं नाही. तुम्ही मुलांचा संघ घेतलात तर सोबत एखादा गोलकीपर किंवा सेंटर बॅक घ्या. शेजारी दुसरा स्ट्रायकर घेऊ नका, दोघं मिळून एकाच बाजूला बघत बसाल.

शिक्षा वाटतेय त्याबद्दल : सुरुवातीला फॉरवर्डांचं सेशन घेऊच नका. बचाव शिकवा. आयुष्यभर ज्यांना चकवलंत ते काय करायला हवे होते, हे तुमच्याइतकं त्या मुलांना कोण सांगणार? आणि तिथे स्वतःच्या पायांची आठवण कमी येते.

प्रश्न : एवढं खेळल्यावर लायसन्सचे कोर्स कशाला? क्रायफने कुठे केले होते?

क्रायफकडे लायसन्स नव्हतं हे खरं. नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबने १९८५मध्ये त्याला घेतलं ते ‘टेक्निकल डायरेक्टर’ या नावाखाली. पण तुम्ही क्रायफ असाल तर या सदराला पत्र लिहीत बसला नसता.

आता सी, बी, ए आणि प्रो अशी चढण असते, युरोपात तशी आशियातही. वरच्या लीगमध्ये हेड कोच व्हायचं तर प्रो लागतं. कोर्समध्ये डावपेच शिकायला मिळतात, पण खरा फायदा वेगळा आहे. तुम्हाला सेशन आखून कागदावर मांडावं लागतं आणि ते का आखलं हे दुसऱ्या कोचसमोर सांगावं लागतं. स्ट्रायकरला ‘का’ सांगायची सवय नसते. चेंडू जाळ्यात गेला की त्याचं स्पष्टीकरण संपलं.

नुसत्या नावावर काय होतं त्याची उदाहरणं आहेत. प्रीमियर लीगमध्ये २६० गोल करणाऱ्या अ‍ॅलन शिअररला न्यूकॅसलने २००९मध्ये मोसमाचे शेवटचे आठ सामने दिले. एक जिंकला, दोन बरोबरीत, संघ खालच्या श्रेणीत. आठ सामन्यांत कुणीही काय करणार, हेही खरंच. त्याने परत कधी कोचिंग केलं नाही. फ्रान्सचा स्ट्रायकर थिएरी ऑन्री बेल्जियमचा असिस्टंट होता, तिथून ऑक्टोबर २०१८मध्ये मोनाकोचा हेड कोच झाला आणि जानेवारीत बाहेर. पण ऑन्रीने सोडलं नाही. २०२४च्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्सला रौप्य मिळवून दिलं ते त्यानेच.

प्रश्न : आमच्या संघाचा कोच स्वतःच अजून स्ट्रायकर म्हणून खेळतो. गोल मारतो, पण राखीव खेळाडू नाराज आहेत. खेळाडू-कोच ही पद्धत योग्य आहे का?

हौशी संघात नाइलाज असतो, चालायचंच. वरच्या पातळीवरचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण डॅलग्लिशचं. १९८५मध्ये लिव्हरपूलने त्याला खेळाडू-मॅनेजर केलं. ३ मे १९८६ला चेल्सीच्या मैदानावर त्याने चेंडू छातीवर घेऊन व्हॉली मारली, १-० जिंकले आणि लीग खिशात घातली. पाठोपाठ इंग्लंडचा एफए कपही. पण त्या मोसमात बराच काळ तो स्वतःला संघाबाहेर ठेवत होता, ही बाब लोक विसरतात. तुमच्या कोचला एवढंच विचारा की शेवटचं कधी स्वतःला बसवलं होतंस?

प्रश्न : मी एका संघाचा हेड कोच होतो. झोप उडाली, छातीत धडधड व्हायची. आता असिस्टंट म्हणून बोलावणं आलं आहे. एकेकाळी या संघाचा मी टॉप स्कोअरर होतो. लोक काय म्हणतील?

लोक आठवडाभर बोलतील. धडधड मात्र आठवड्याने जात नाही. डॉक्टरांना दाखवलं नसेल तर पुढचं वाचायच्या आधी ते करा.

नेदरलँड्सचा स्ट्रायकर मार्को व्हान बास्टन याने नेमकं हेच केलं आहे. तीन वेळा बॅलन डी’ऑर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब), घोट्याच्या दुखण्याने शेवटचा सामना १९९३मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. नेदरलँड्सचा कोच म्हणून २००८च्या युरो स्पर्धेत इटलीला ३-०, फ्रान्सला ४-१ हरवलं, मग उपांत्यपूर्व फेरीत रशियाकडून हरला. २०१४मध्ये एझेड क्लबचा हेड कोच असताना ताण असह्य झाला, हृदयाची धडधड वाढली, आणि तो त्याच क्लबमध्ये असिस्टंट झाला. उघडपणे, कारण सांगून. डॅलग्लिशनेही १९९१मध्ये ताणामुळेच लिव्हरपूल सोडलं होतं, आणि १९९५मध्ये तोच ब्लॅकबर्नला लीग जिंकून देत होता.

आणि गर्ड म्युलर! बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या लीगमध्ये, ३६५ गोल, अजून कुणाला गाठता आलेले नाहीत. त्याच काळात २२० गोल करणारा हाइंकेस कोच म्हणून १९९८मध्ये रेआल माद्रिदबरोबर आणि २०१३मध्ये बायर्नबरोबर चॅम्पियन्स लीग जिंकला. म्युलर कधी हेड कोच झालाच नाही. बायर्नच्या दुसऱ्या संघाचा असिस्टंट म्हणून वर्षानुवर्षं तरुण पोरांसोबत मैदानावर उतरत राहिला. त्याला कुणी कमी लेखल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. असिस्टंट असताना खेळाडू तुमच्याशी जे बोलतात ते हेड कोचशी कधीच बोलत नाहीत. मला ते काम जास्त आवडतं.

प्रश्न : बाई कोचकडून मोठी मुलं शिकतील का, असं आमच्या कमिटीत विचारलं गेलं. तुमचं उत्तर?

माझ्याकडे शिकतात. कमिटीने येऊन बघावं. जगातलं उदाहरण हवं असेल तर पिया सुंधागे. स्वीडनची फॉरवर्ड, १९८४च्या युरोपियन स्पर्धेत विजयी पेनल्टी तिची. कोच म्हणून अमेरिकेच्या महिला संघाला २००८ आणि २०१२ची ऑलिंपिक सुवर्णं, आणि २०१६ला स्वीडनसोबत रौप्य, तेही वाटेत अमेरिकेलाच हरवून. यापेक्षा जास्त बायोडेटा कमिटीतल्या कुणाचा असेल तर मला कळवा.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा, संघाचा स्ट्रायकर. समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला की कोच त्याला आपल्या बॉक्समध्ये बोलावतो. मुलगा म्हणतो, मी पुढे थांबलो तर काउंटर अटॅकला (उलट हल्ल्याला) उपयोगी पडेन. कोण बरोबर?

कोच. फर्ग्युसनचंच घ्या. १९६९चा स्कॉटिश कप अंतिम सामना, समोर सेल्टिक. कॉर्नरला त्यांचा कॅप्टन बिली मॅकनील याला धरण्याची जबाबदारी फर्ग्युसनवर होती. सुरुवातीलाच कॉर्नर आला, मॅकनील मोकळा उडाला, हेडर, गोल. रेंजर्स ४-० हरले, खापर फर्ग्युसनवर फुटलं, त्याला ज्युनियर संघात ढकललं आणि वर्ष संपायच्या आत तो फॉल्कर्कला गेला. पंधरा-वीस वर्षांनी त्याच्या संघातल्या फॉरवर्डांनी कॉर्नरला कंटाळा केला असेल तर त्यांना काय ऐकावं लागलं असेल, याची कल्पना करा.

मुलाला सांगा, नियर पोस्टच्या पुढे, सहा यार्डांच्या रेघेवर उभा राहा. कमी उंचीवरून येणारा चेंडू तिथूनच आत घुसतो. पहिला हेडर तुझा, आणि हेडर मारताना चेंडू आत नाही, बाजूला काढ. चेंडू बॉक्सबाहेर गेला की मग पळ, आणि कुणी पास दिला नाही तर पुन्हा मागे ये.